पदव्युत्तर प्रवेशांवरील संशोधन आणि त्यासाठीचे अनुदान

पदव्युत्तर आणि पीएच.डी. प्रवेशांच्या अभ्यासात चार टप्पे तपासावे लागतात : अर्ज कोणी केला, निवड कोणाची झाली, निवड झालेल्यांपैकी शुल्क भरून जागा कोणी घेतली आणि वर्षभरानंतर कोण टिकले. भारतात तिसऱ्या टप्प्याची मोजणी बऱ्यापैकी होते. पहिल्या दोन टप्प्यांची मात्र देशपातळीवर होतच नाही. शिक्षण मंत्रालयाचे अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण, ज्याला विद्यापीठांत 'आयशे' म्हणतात, २०१०-११ पासून चालते. त्याच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षणात होते आणि त्यांपैकी साधारण १२ टक्के पदव्युत्तर वर्गांत होते. पीएच.डी.ची नोंदणी २०१४-१५ मध्ये १ लाख १७ हजारांच्या आसपास होती. ती २ लाख १२ हजारांवर पोहोचली. हे आकडे मोलाचे आहेत, पण ते आत आलेल्यांचे आहेत. दारापर्यंत येऊन परत गेलेल्यांची त्यांत कुठेच नोंद नाही.

अमेरिकेत कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स ही संस्था १९८६ पासून दरवर्षी पदव्युत्तर प्रवेशांचे सर्वेक्षण करते. आलेले अर्ज, दिलेले प्रवेश आणि प्रत्यक्ष नोंदणी हे तिन्ही आकडे ते शेजारी शेजारी मांडते. पदव्युत्तर प्रवेशांचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांची 'नॅगॅप' ही स्वतंत्र संघटनाही तिथे १९८७ पासून आहे. भारतात हा विषय अजून कोणाचाच नाही. शिक्षणशास्त्राचे विभाग शाळेकडे पाहतात, अर्थशास्त्रज्ञ रोजगाराकडे पाहतात आणि प्रवेश विभागाला यादी वेळेत लावण्याची चिंता असते. या मोकळ्या जागेमुळेच नव्या संशोधकाला इथे अनुदान मागण्यासारखा विषय मिळतो. अर्जदारांची, विशेषतः प्रवेश न मिळालेल्यांची, विश्वासार्ह मोजणी करणारा प्रस्ताव आज सर्वांत जास्त गरजेचा आहे.

अशा अभ्यासासाठी देशातला मुख्य दाता म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, अर्थात आयसीएसएसआर. परिषदेची स्थापना १९६९ मध्ये झाली. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव राहिलेले जे. पी. नाईक हे तिचे पहिले सदस्य-सचिव. समता, गुणवत्ता आणि संख्या या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे भारतीय शिक्षणाला का जमत नाही, याची त्यांनी १९७५ च्या पुस्तकात केलेली मांडणी प्रवेशांवर काम करणाऱ्याने आजही वाचावी. परिषदेचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातील संशोधकांना तिथले ग्रंथालय, चर्चासत्रे आणि मार्गदर्शन यांचा उपयोग होतो.

परिषदेचे प्रकल्प लघु आणि बृहत् अशा दोन प्रकारचे असतात. अर्ज परिषदेच्या जाहिरातीनंतर ऑनलाइन भरायचा असतो. रकमेची मर्यादा आणि मुदत त्या त्या जाहिरातीत दिलेली असते, त्यामुळे जुन्या जाहिरातीवरून अंदाजपत्रक बनवू नये. प्रमुख संशोधक सर्वसाधारणपणे पीएच.डी. झालेला आणि मान्यताप्राप्त विद्यापीठात, महाविद्यालयात किंवा संशोधन संस्थेत नियमित नेमणुकीवर असलेला प्राध्यापक असावा लागतो. महाविद्यालयाला यूजीसी कायद्याच्या कलम २(फ) आणि १२(ब) खालील मान्यता आहे की नाही, हे अर्जाला हात घालण्याआधीच प्राचार्यांच्या कार्यालयात विचारून घ्यावे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या शेकडो प्राध्यापकांसाठी ही अट फार कडक आहे. प्रवेशाच्या रांगा आणि अर्जांचे गठ्ठे प्रत्यक्ष हाताळणारी माणसे बहुधा तीच असतात. त्यांनी नियमित नेमणुकीवरील सहकाऱ्याबरोबर संघ बांधून प्रस्ताव द्यावा, आणि त्या सहकाऱ्याने त्यांचे नाव व मानधन प्रस्तावात स्पष्ट लिहावे. कामाची वाटणी तोंडी ठेवली की अहवालावरचे नाव पुढे वादाचा विषय होते.

पीएच.डी. करणाऱ्यांसाठी परिषदेच्या डॉक्टरल आणि त्यानंतर पोस्ट-डॉक्टरल अधिछात्रवृत्त्या आहेत. प्रवेशप्रक्रियेवर प्रबंध लिहिणाऱ्याने प्रकल्प-अनुदानामागे न धावता या वाटेने जाणे सोपे पडते. सुरुवातीला विद्यापीठाचे स्वतःचे छोटे अनुदानही पुरते. मुंबई विद्यापीठ संलग्न महाविद्यालयांतील शिक्षकांच्या लघु संशोधन प्रकल्पांना पैसे देत आले आहे. एका विद्याशाखेतील पाच वर्षांचे प्रवेश-अर्ज संगणकावर आणणे एवढे कामही अशा छोट्या रकमेत होते आणि पुढच्या मोठ्या प्रस्तावासाठी तोच पुरावा ठरतो.

परदेशी दात्यांपैकी शिकागोचे स्पेन्सर फाउंडेशन लक्षात ठेवावे. शिक्षणावरील लघु संशोधन अनुदानासाठी ते इतर देशांतील संशोधकांचे अर्जही स्वीकारते. कमाल रक्कम ५० हजार डॉलर असते, संस्थेचा वरखर्च त्यात मागता येत नाही आणि विद्यार्थ्याला प्रमुख संशोधक होता येत नाही. मात्र परदेशातून पैसा घ्यायचा तर परकीय अंशदान नियमन कायदा आडवा येतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच येऊ शकते, आणि ती दुसऱ्या संस्थेकडे पुढे वळवता येत नाही. दोन महाविद्यालयांचा संयुक्त प्रकल्प याच कलमावर अडकू शकतो. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी संस्थेच्या वित्त विभागाशी बोलणी पूर्ण करावीत.

पैसा कोणाकडून घ्यायचा यापेक्षा प्रश्न कोणता विचारायचा, यावर प्रस्तावाचे भवितव्य जास्त अवलंबून असते. या क्षेत्रातला सर्वांत शिकवून जाणारा अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांचा आहे. त्या वर्षी ८,४४२ पुरुषांनी अर्ज केले आणि त्यांतल्या सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला. स्त्रियांचे अर्ज ४,३२१ होते आणि प्रवेश सुमारे ३५ टक्क्यांना मिळाला. वरवर पाहता स्त्रियांवर उघड अन्याय झाला होता. बिकेल, हॅमेल आणि ओकॉनेल यांनी तेच आकडे विभागवार मांडले, तेव्हा चित्र पालटले. बहुतेक विभागांत स्त्री-पुरुषांत लक्षणीय फरक नव्हता. चार विभागांत स्त्रियांच्या विरुद्ध, तर सहा विभागांत पुरुषांच्या विरुद्ध झुकाव दिसला. स्त्रियांचे अर्ज ज्या विषयांकडे जास्त गेले होते, तिथे अर्ज भरमसाट आणि जागा थोड्या होत्या. हा निष्कर्ष १९७५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कायमचा जाऊन बसला.

यावरून अन्याय नव्हताच, असे ठरत नाही. प्रश्न एक पायरी मागे सरकतो. मुली कमी जागांच्या विषयांकडेच का वळतात, गणिताची वाट त्यांच्यासाठी शाळेतच का अरुंद होते, कोणत्या विभागांना पैसा आणि जागा जास्त मिळतात, हे मग विचारावे लागते. महाराष्ट्रातील कोणत्याही विद्यापीठाची जिल्हावार किंवा प्रवर्गवार तुलना करताना हेच भान हवे. संपूर्ण विद्यापीठाचा एक टक्का काढून प्रवेश समितीला दोषी किंवा निर्दोष ठरवणारा प्रस्ताव जाणकार परीक्षकापुढे टिकत नाही. अर्ज कोणत्या विभागात, कोणत्या वर्षी, किती जागांसाठी आला, हे प्रत्येक नोंदीत असलेच पाहिजे.

भारतातले एक उदाहरण जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे आहे. तिथल्या अब्दुल नाफे समितीने २०१६ मध्ये लेखी परीक्षा आणि मुलाखत यांचे गुण सामाजिक गटांनुसार ताडून पाहिले. दोन्हींत पडणारा फरक वर्षानुवर्षे एकाच दिशेने जातो असे दिसल्यावर समितीने मुलाखतीचे गुण ३० वरून १५ वर आणण्याची शिफारस केली. या अभ्यासाची सगळी सामग्री विद्यापीठाच्या स्वतःच्या दप्तरात होती. प्रत्येक विद्यापीठात असे दप्तर असते. ते उघडण्याची परवानगी आणि ते नीट वाचणारा माणूस, एवढ्याचीच उणीव असते.

नियम बदलतात तेव्हा अभ्यासाला आपोआप आधी-नंतरची तुलना मिळते. गेल्या काही वर्षांत असे बदल भराभर झाले. २०२२ मध्ये केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशांसाठी सीयूईटी-पीजी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यूजीसीने पीएच.डी.चे नवे विनियम लागू केले, एम.फिल. बंद झाली आणि चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण झालेल्यांना थेट पीएच.डी.चा मार्ग खुला झाला. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी ग्राह्य धरता येतात. जेआरएफ नसलेल्यांसाठी त्यात परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार आहे. काही विद्यापीठे नेटकडे वळली, काहींनी आपली 'पेट' ही प्रवेश परीक्षा चालू ठेवली. ग्रामीण भागातील, मराठी माध्यमातून शिकलेल्या अर्जदाराला यांतली कोणती वाट जास्त जवळची पडली, हा प्रश्न महाराष्ट्रातून विचारला जायलाच हवा.

राज्य शासनाचा जुलै २०२४ चा निर्णयही असाच आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. आधी ही सवलत ५० टक्के होती. २०२४-२५ च्या आधीची आणि नंतरची वर्षे घेऊन, त्याच प्रवर्गांतील मुलांशी तुलना करून, केंद्रीभूत प्रवेशाच्या (कॅप) राउंडमध्ये जागा मिळूनही ती न घेणाऱ्या मुलींचे प्रमाण बदलले का, हे पाहता येते. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांमुळे पीएच.डी.ची नोंदणी वाढते की आधीच ठरलेल्या नोंदणीला आधार मिळतो, हा दुसरा प्रश्नही अनुदानास पात्र आहे. असा प्रश्न एका वाक्यात मांडता येईपर्यंत प्रस्ताव लिहायला घेऊ नये.

बहुतेक प्रस्तावांचे घोडे अडते ते माहिती मिळवण्यापाशी. विभागप्रमुखांनी तोंडी होकार दिला म्हणून प्रकल्प मंजूर करून घ्यावा आणि नंतर कुलसचिव कार्यालयाने नकार द्यावा, असे घडले की हाताशी पैसे असून काम थांबते. यासाठी कुलसचिवांचे किंवा प्राचार्यांचे लेखी पत्र प्रस्तावाला जोडावे. कोणत्या वर्षांचे अर्ज, कोणते रकाने, नावे व संपर्क वगळून कोणत्या स्वरूपात मिळणार, हे पत्रात स्पष्ट असावे. लागणारे रकाने फार नसतात : अर्ज क्रमांक, लिंग, प्रवर्ग, तालुका, पदवीचा विषय व गुण, पदवीचे माध्यम, प्रवेश परीक्षेचे आणि मुलाखतीचे गुण, गुणवत्ता यादीतील क्रमांक, कितव्या फेरीत जागा मिळाली, शुल्क भरले की नाही, दुसऱ्या वर्षी नाव आहे की नाही. यांतले माध्यम आणि तालुका हे दोन रकाने अनेक ठिकाणी अर्जात असतात, पण संगणकावर चढवलेले नसतात. ते चढवण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरावा, कारण महाराष्ट्राच्या संदर्भात खरी गोष्ट त्या दोन रकान्यांत सापडण्याचा संभव जास्त.

परवानगी मिळेपर्यंत उघड उपलब्ध असलेली माहिती वापरून पाहावी. एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था आपापल्या संकेतस्थळावर मंजूर जागा, प्रत्यक्ष विद्यार्थिसंख्या, मुलींची संख्या, राज्याबाहेरील विद्यार्थी आणि शुल्क-परतावा मिळालेले विद्यार्थी यांचे तक्ते ठेवतात. मंजूर जागांपैकी किती टक्के भरल्या, एवढे त्यावरून कळते. राज्य सीईटी कक्ष एमबीए, एमसीए, विधी अशा अभ्यासक्रमांच्या कॅप राउंडच्या याद्या प्रसिद्ध करतो. 'शोधगंगा'वरील प्रबंधांवर अनेकदा नोंदणीचे व पूर्ततेचे वर्ष आणि मार्गदर्शक यांची नोंद असते. तिच्यावरून एखाद्या विषयात पीएच.डी.ला किती काळ लागतो, याचा अंदाज बांधता येतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) शिक्षणावरील कौटुंबिक खर्चाची कुटुंबवार माहिती आहे. माहिती अधिकाराखाली विद्यापीठाला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. तिथे वैयक्तिक नोंदी मागू नयेत. विषयवार, प्रवर्गवार अर्ज किती, निवड किती, रिक्त जागा किती असा एकत्रित तक्ता मागावा, म्हणजे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

या आकड्यांत काही खाचखळगे आहेत. आयशेचे सकल नोंदणी प्रमाण १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येवर काढले जाते. पदव्युत्तर वर्गांतले, त्याहूनही पीएच.डी.चे अनेक विद्यार्थी या वयाच्या पुढचे असतात. ते प्रमाण पदव्युत्तर शिक्षणाचा आरसा म्हणून वापरणे चुकीचे. शिवाय २०२०-२१ च्या अहवालापासून हे प्रमाण २०११ च्या जनगणनेवर आधारित लोकसंख्येवरून काढले जाते, त्याआधी २००१ ची जनगणना आधाराला होती. जुने आणि नवे अहवाल सरळ एका आलेखात जोडले तर झालेली वाढ प्रत्यक्षाहून कमी दिसते. दुसरा खळगा प्रवेश परीक्षेच्या उपयुक्ततेचा आहे. परीक्षेचे गुण आणि पुढचा एम.ए.चा निकाल यांचा संबंध क्षीण दिसला की परीक्षा निरुपयोगी असल्याचा निष्कर्ष घाईने काढला जातो. पण निकाल उपलब्ध असतो तो निवडलेल्यांचाच, आणि त्या सर्वांचे गुण यादीच्या वरच्या टोकाला दाटलेले असतात. निवड न झालेले अर्जदार त्या वर्गात बसले असते तर काय झाले असते, हे कुणालाच दिसत नाही. कटऑफच्या लगेच वर आणि लगेच खाली असलेल्या विद्यार्थ्यांची पुढची वाटचाल ताडून पाहणे हा यावरचा एक चांगला उपाय आहे. त्यासाठीही प्रवेश न मिळालेल्यांचा माग काढावा लागतो.

सगळेच आकड्यांनी कळत नाही. ज्युली पॉसेल्ट यांनी अमेरिकेतील तीन विद्यापीठांच्या दहा पीएच.डी. विभागांत प्रवेश समित्यांच्या कामाचा जवळून अभ्यास केला आणि २०१६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. आपापल्या विषयाची 'गुणवत्ता' म्हणजे काय, याच्या प्राध्यापकांच्या न बोललेल्या कल्पना निवडीत कशा उतरतात, हे त्यातून उघड झाले. महाराष्ट्रात संशोधन व मान्यता समितीच्या, म्हणजे आरआरसीच्या, बैठकीत विषय कसा मंजूर होतो आणि मार्गदर्शक कसा मिळतो, यावर असा अभ्यास व्हावा. पेट उत्तीर्ण होऊनही मार्गदर्शक न मिळाल्याने थांबलेला विद्यार्थी आयशेत दिसत नाही, कारण त्याची नोंदणीच झालेली नसते.

वेळापत्रक आखताना प्रवेशाचा हंगाम आधी पाहावा. राज्यातील पदव्युत्तर प्रवेशांची धांदल साधारण जून ते ऑगस्टमध्ये असते. अनुदानाचा पहिला हप्ता सप्टेंबरमध्ये आला, तर बारा महिन्यांच्या प्रकल्पाला एकच प्रवेशफेरी मिळते आणि तीही अगदी शेवटी. म्हणून क्षेत्रकाम हंगामात आणि जुन्या अर्जांची नोंद हंगामाबाहेर, अशी विभागणी प्रस्तावातच दाखवावी. अंदाजपत्रकात संशोधन सहायकाचे मानधन, नोंद चढवण्याचा खर्च, प्रवास, दूरध्वनी मुलाखती, संकीर्ण खर्च आणि दाता देत असेल तर संस्थेचा वरखर्च हे शीर्ष वेगळे दाखवावेत. प्रवेश न मिळालेल्या अर्जदारांना शोधणे हे सर्वांत खर्चिक काम असते. पत्ते बदललेले असतात, दूरध्वनी क्रमांक बंद असतात. त्या शीर्षाखाली हात आखडता घेतला की नमुना पुन्हा आत आलेल्यांचाच उरतो आणि अभ्यासाचा हेतू संपतो.

अर्जात जात, उत्पन्न आणि गुण यांची माहिती असते. ती हाताळण्याची पद्धत प्रस्तावात स्वतंत्रपणे लिहावी आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधन आणि सांख्यिकीसाठी सवलत आहे, पण त्या माहितीच्या आधारे एखाद्या व्यक्तीविषयी निर्णय घेतला जाणार नसेल तरच. लहान विभागांत जास्त जपावे लागते. ज्या वर्गात अनुसूचित जमातीचे दोनच विद्यार्थी आहेत, तिथे प्रवर्गवार सरासरी छापली की नाव न देताही त्या दोघांचे गुण गावभर होतात. अशा वेळी वर्षे किंवा विभाग एकत्र करूनच तक्ता द्यावा.

मंजुरीनंतर पैसा संस्थेच्या खात्यात हप्त्यांनी येतो. पुढचा हप्ता प्रगती अहवाल आणि विहित नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र पाहून मिळतो. शेवटचा हप्ता अंतिम अहवाल स्वीकारला गेल्यावर येतो, तोवर सहायकाचे काही महिन्यांचे मानधन अडकू शकते. संस्थेने ते आगाऊ देण्याची तयारी लेखी कळवली असेल तर तरुण सहायकाला ताटकळावे लागत नाही. आयसीएसएसआरची स्वतःची विदा-सेवा आहे. नावे वगळलेली नोंद तिथे जमा करण्याचे आश्वासन प्रस्तावात दिले तर पुढच्या संशोधकाला तेच गठ्ठे पुन्हा उघडावे लागत नाहीत.

अंतिम अहवाल इंग्रजीत गेला तरी त्याचा मराठी सारांश, तक्त्यांसह, ज्या विद्यापीठाने दप्तर उघडले त्याच्या प्रवेश समितीला आणि विद्या परिषदेला पुढच्या हंगामापूर्वी, म्हणजे मे महिन्याच्या आत, द्यावा. प्रवेश अर्जात पदवीचे माध्यम आणि तालुका हे रकाने सक्तीचे करून ते संगणकावर ठेवावेत, एवढी एक शिफारस त्यात असलीच पाहिजे. तिला फारसा खर्च नाही आणि ती पुढच्याच वर्षी अमलात आणता येते.